चांदीच्या मूळ गावी

पाठीवर घ्यायच्या पिशव्या काट्यावर ठेवून तोलण्याचा प्रसंग हुपरीच्या त्या सराफी घराण्यात तीन पिढ्यांत आला नव्हता. आप्पांची पिशवी ८ किलो ४१० ग्रॅम भरली, काकूंची ७ किलो ९०० ग्रॅम. एवढ्या सामानात दोन महिने काढायचे होते. काकूंनी पुन्हा पिशवी उघडून एक साडी बाहेर काढली आणि तिच्या जागी भाजणीची पुडी ठेवली. परिग्रह-परिमाणाचे व्रत आजवर प्रवचनात ऐकले होते. ते असे ग्रॅममध्ये मोजले जाईल हे दोघांच्याही ध्यानात आले नव्हते.

काटा नव्या पेढीचा होता. जुना काटा वाटणीत अण्णांकडे गेला होता.

‘आप्पा’ आणि ‘काकू’ ही हाक पुतण्यांची. एकत्र घरात पुतण्यांनी जी हाक मारली तीच गावाने उचलली. आता पुतण्यांचे येणे-जाणे थांबले होते, हाक तेवढी उरली होती. दोघे भाऊ वेगळे झाले त्याला १४ महिने होत आले होते. कारण गावाला ठाऊक होते. परगावच्या एका व्यापाऱ्याने पैंजणांचा माल परत पाठवला, टंच ठरल्यापेक्षा कमी आला म्हणून. अण्णांनी कामगारांदेखत विचारले, “या लगडीचा टंच कुणी काढला?” आप्पा म्हणाले, “मी काढला, आणि नीट काढला. गडबड घडणावळीत झाली असेल.” माल तात्यांनी घडवला होता. तात्या वडिलांच्या काळापासूनचे कारागीर. अण्णांनी तात्यांची बाजू घेतली. सख्ख्या भावापेक्षा कारागिराचा शब्द मोठा ठरला हे आप्पांना लागले, आणि दिवाळीच्या आत पेढीचे दोन भाग झाले. तात्यांनी मात्र कुणाचेच काम घेतले नाही. हत्यारे पुसून ठेवली आणि ते घरी बसले.

वेगळी पेढी लहान होती. हाताशी वेळ उरू लागला. लहानपणी आप्पांनी वडिलांना विचारले होते, चांदी कुठून येते? वडील म्हणाले होते, मुंबईहून. आणि मुंबईला? आगबोटीतून. त्यापुढचे वडिलांना सांगता आले नाही आणि जाऊन पाहणे त्यांना शक्य नव्हते; उतारवयात त्यांनी दिग्व्रत घेतले होते, दक्षिणेला श्रवणबेळगोळ आणि उत्तरेला मुंबई यांपलीकडे पाऊल टाकायचे नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधत आप्पा वाचू लागले आणि पेरू, बोलिव्हिया, पोतोसी ही नावे त्यांच्या बोलण्यात येऊ लागली. पुण्याच्या लेकीने ते मनावर घेतले. व्हिसाचे कागद, पीतज्वराची लस, स्वस्त निवासांची यादी, सारे तिने केले. वयाच्या ५८व्या वर्षी पाठीवर पिशवी टाकून हिंडायचे म्हणजे लोक हसणार, असे आप्पा म्हणत राहिले. काकू ५४ वर्षांच्या, त्यांनी एवढेच विचारले, “चातुर्मासाच्या आत परत येऊ ना?”

मे महिन्यात ते लिमाला उतरले. समुद्राकाठचे हे शहर वाळवंटात वसले आहे. वर्षाचे कित्येक महिने आकाश धुक्याने भरलेले, पण पाऊस म्हणून पडत नाही. निवासात एका खोलीत सहा पलंग, तेही एकावर एक, आणि बाकी चार पलंगांवर विशीतली मुले. स्वयंपाकघर सर्वांचे एकच. तिथल्या भांड्यांत काय शिजते ते पाहिल्यावर काकूंनी पहिल्याच दिवशी एक लहान पातेले आणि एक पळी विकत घेतली. पुढे दोन महिने ते पातेले पिशवीबाहेर बांधलेले होते आणि चालताना पळीवर वाजत होते.

लिमाच्या बाजारात मात्र काकू थबकल्या. बटाट्यांचे ढीग; जांभळे, काळपट, पिवळे, बोटाएवढे बारीक, गाठीगाठींचे. बटाटा याच डोंगराळ मुलुखाचा. लिमात आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, तिथे त्याचे हजारो वाण जपून ठेवले आहेत. कंदमूळ वर्ज्य असलेल्या बाईने चालत चालत नेमके बटाट्याच्या माहेरी यावे, याचे काकूंनाच हसू आले. पण त्याच बाजारात सुक्या मिरच्यांची पोती होती, शेंगदाण्यांचीही. मिरची आणि भुईमूग दोन्ही मूळचे याच खंडातले. पोर्तुगीज व्यापाराच्या काळात ती आपल्याकडे आली आणि आता त्यांच्याविना कोल्हापूरकडचे ताट पुरे होत नाही. काकूंनी पिशवीतून बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी काढून आप्पांच्या हातावर ठेवली. “दोघी माहेरी आल्या,” त्या म्हणाल्या.

लिमाहून कुस्कोला बसने वीस तासांहून अधिक लागतात. रस्ता समुद्रसपाटीपासून चढत चढत सुमारे ३,४०० मीटरवर नेतो. उतरल्यावर आप्पांचे डोके ठणकू लागले. दहा पावले चालले तरी धाप लागे. निवासाच्या मालकिणीने कोकाच्या पानांचा काढा पुढे केला. तिकडे तो चहासारखा घरोघरी घेतात. काकूंनी तो आधी स्वतः हुंगला, पानांत किडा नाही ना ते पाहिले, नशा येत नाही ना हे दोनदा विचारले आणि मगच आप्पांना दिला.

कुस्को ही इंका राज्याची राजधानी. तिथल्या सूर्यमंदिराच्या भिंतींचे दगड चुन्याविना असे जुळवले आहेत की फटीत चाकूचे पाते शिरत नाही. त्याच भिंतींवर पुढे स्पॅनिश लोकांनी मठ उभारला. इंका राजा आताहुआल्पा कैदेत पडला तेव्हा त्याने सुटकेसाठी एक खोली भरून सोने आणि दोन खोल्या भरून चांदी देऊ केली होती. ती दिली गेली. राजा मात्र १५३३मध्ये मारला गेला आणि सारे दागिने, भांडी, मूर्ती आटवून लगडी पाडल्या गेल्या. हे ऐकताना सराफाच्या मनात जे येते तेच आप्पांच्या मनात आले. आटणीची घट किती गेली असेल? आणि मग ती किंमत कुणी धरली असेल, ज्यांनी ती घडवली त्यांच्या हातांची? दुकानांतल्या पर्यटकांसाठीच्या वस्तू त्यांनी उलट्यापालट्या करून पाहिल्या. काहींवर ९२५चा शिक्का होता. कित्येक ‘आल्पाका’च्या होत्या, म्हणजे आपल्याकडचे जर्मन सिल्व्हर.

कुस्कोच्या रस्त्यावर काकूंना राजगिऱ्याची वडी सापडली. तिकडे राजगिऱ्याच्या भावंडाला ‘किविचा’ म्हणतात. दाणे लाह्यांसारखे फुलवून पाकात घालतात, अगदी आपल्यासारखे. त्यानंतर काकूंची काळजी मिटली. राजगिरा, किन्वा, मका, ओले पावटे, पपई, संत्री एवढ्यावर त्यांनी पुढचे सगळे दिवस काढले. पोट भरण्यापेक्षा वेळ सांभाळणे अवघड होते. जूनमध्ये तिकडे हिवाळा, दिवस लहान. बस कुठेही असली तरी साडेपाचच्या आत काकू डबा उघडत.

तितिकाका सरोवराच्या काठाने ते बोलिव्हियात शिरले आणि ला पाझला पोचले. हे शहर एका खोल द्रोणात बसले आहे. तळाशी श्रीमंत वस्ती, काठांवर गरीब. आपल्याकडे टेकडीवरच्या हवेशीर जागेला जास्त भाव, तिकडे उलट, कारण वर श्वास घ्यायला त्रास. २०१४पासून या काठांना तळाशी जोडणारे हवेतले पाळणे सुरू झाले आहेत आणि लोक त्यांतून लोकलसारखे कामावर जातात.

ला पाझमध्ये चार दिवस राहायचे ठरले होते, राहिले नऊ. कारण बाजार. डोक्यावर गोल काळी टोपी, पाठीवर दोन वेण्या, घेरदार घागरा आणि पुढे एप्रन अशा आयमारा स्त्रिया सकाळपासून रस्त्यावर दुकान मांडून बसतात. फळे, धान्य, लोकर, कुलपे, बल्ब, जे असेल ते. माल त्यांचा, भाव त्यांचा, गल्लाही त्यांचाच. नवरा असला तर पोती वाहत असतो. विकणारी गिऱ्हाइकाला ‘कासेरिता’ म्हणते आणि गिऱ्हाईक तिलाही तेच म्हणते. सौदा झाल्यावर गिऱ्हाईक ‘यापा’ मागते, म्हणजे वर मूठभर. काकूंनी खंडभर फिरून जे मोजके शब्द शिकले त्यांतला हा पहिला. संत्री घेतली की हात पुढे करून त्या म्हणत, “यापा!” आणि ती बाई हसून एक संत्रे जास्त टाकी.

याच शहरात चेटकिणींचा म्हणून ओळखला जाणारा बाजारही आहे. घराच्या पायात पुरण्यासाठी लामाची वाळवलेली गर्भपिल्ले तिथे टांगलेली असतात. काकू तिथून डोळे मिटून णमोकार म्हणत बाहेर पडल्या. त्याबद्दल दोघांनी पुन्हा बोलणे काढले नाही.

तीस वर्षे काकूंनी पेढीचे टाचण घरी बसून लिहिले होते. दिवसाची आवक, जावक, मजुरी, घट, कुणाला किती लगड दिली, कुणाच्या लग्नात किती आहेर केला. अक्षर मोत्यासारखे. पण गादीवर त्या एक दिवसही बसल्या नव्हत्या, आणि बसावे असे कुणी म्हटलेही नव्हते. प्रवासातला खर्चही त्या एका लहान वहीत रोज लिहीत. एका संध्याकाळी वही मिटताना त्या सहज म्हणाल्या, “इथं गादीवर बायकाच बसतात.” आप्पांनी मान हलवली. तो होकार होता की नुसतीच मान, हे काकूंना तेव्हा कळले नाही.

ला पाझहून पोतोसी, रात्रभराचा बसप्रवास. पहाटे काच पुसली तेव्हा समोर तांबूस, सुळक्यासारखा डोंगर होता. हाच तो ‘सेर्रो रिको’, श्रीमंत डोंगर. समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरवर त्याच्या पायथ्याशी १५४५मध्ये वसाहत पडली आणि साठ-सत्तर वर्षांत तिची लोकसंख्या लाखाच्या वर गेली. त्या काळी जगातल्या मोठ्या शहरांत पोतोसीची गणना होई. त्या डोंगराची चांदी स्पेनला गेली, मनिलामार्गे चीनला गेली, आणि युरोपच्या व तांबड्या समुद्राच्या वाटेने सुरतेला आली. सुरतेचे सराफ स्पेनचे हे रियाल कसाला लावत, मग मुघल टांकसाळीत ते आटून त्यांचे रुपये होत. वीरजी व्होरांसारख्या जैन व्यापाऱ्यांची उलाढाल सतराव्या शतकात याच सुरतेत होत होती. वडिलांनी न दिलेले उत्तर आप्पांच्या डोळ्यांसमोर उभे होते. ते बराच वेळ थंडीत डोंगराकडे पाहत राहिले.

निवास म्हणजे एका विधवेचे घर, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. तिने आल्या आल्या बटाट्याचे गरम सूप पुढे ठेवले. बाहेर पाणी गोठण्याची थंडी, बाई प्रेमाने आग्रह करते आहे, आणि काकू हात जोडून नको म्हणताहेत. मोबाईलवर भाषांतर करून काकूंनी सांगितले, आम्ही जमिनीखाली वाढलेले काही खात नाही. बाईने ते दोनदा वाचले. मग तिने खिडकीतून डोंगराकडे बोट केले आणि तिचे बोलणे मोबाईलवर उमटले: “इथं आमचं सगळंच जमिनीखालून येतं. बटाटा येतो, पैसा येतो, आजार येतो.” तिचा नवरा खाणीत होता; दगडाच्या धुळीने छाती भरली आणि गेला. मुलगाही खाणीत जातो. पुष्कळ चांदी केव्हाच काढून झाली आहे. आता कामगारांच्या सहकारी संस्था उरलेल्या दगडातून जस्त, शिसे, कथील आणि थोडीफार चांदी काढतात.

बाई रागावली नव्हती. तिने सूप बाजूला ठेवले आणि मक्याचे दाणे उकडले, वर चीज किसले. काकूंनी तिला भाजणीचे थालीपीठ लावून दिले. बाईने ते चावून पाहिले आणि आणखी एक मागितले.

पर्यटकांना खाणीत घेऊन जाणारे वाटाडे गल्लोगल्ली आहेत. आप्पांची इच्छा होती. काकू म्हणाल्या, “ज्या हवेत त्या माणसांचा श्वास कोंडतो, ती तिकीट काढून बघायची?” ते खाणीत गेले नाहीत; टांकसाळीत गेले.

पोतोसीची जुनी टांकसाळ आज संग्रहालय आहे. सध्याची इमारत १७७३मध्ये पुरी झाली. तिथे लाकडाची प्रचंड दातेरी चाके अजून उभी आहेत. खालच्या मजल्यावर खेचरे फिरत आणि वरच्या मजल्यावर चांदीची पट्टी लाटली जाई. आप्पा चाकापाशी असे रमले की वाटाड्याला थांबावे लागले. वाटाड्या इंग्रजीतून सांगत होता. डोंगराभोवतालच्या प्रांतांतल्या कर्त्या पुरुषांपैकी सातव्या हिश्श्याला आळीपाळीने सक्तीने खाणकामाला आणले जाई. या वेठीला ‘मिता’ म्हणत. चांदी सोडवायला पारा वापरत, आणि त्याची वाफ कामगारांच्या अंगात भिनत असे. किती माणसे मेली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. टांकसाळीत चांदीचा हिशेब मात्र गुंजेपर्यंत होता.

मग तो एका कपाटापाशी आला आणि त्याने एक गोष्ट चटकन उरकली, कारण तिच्यात बाकीच्यांना रस नसतो. १६४०च्या दशकात या टांकसाळीतून कमी टंचाची नाणी बाहेर पडू लागली. चांदी पुरवणारे व्यापारी आणि टंच काढणारा अधिकारी यांचे संगनमत होते. चांदीत तांबे वाढवले जाई आणि अधिकारी नाण्यावर आपली खूण करून मोकळा होई. युरोपच्या पेढ्यांनी पोतोसीची नाणी नाकारली. राजाने चौकशीसाठी माणूस पाठवला; एका बड्या व्यापाऱ्याला आणि त्या टंच अधिकाऱ्याला देहदंड झाला. नाण्याचे नाव असे बिघडले होते की १६५२पासून त्याचा छापच बदलावा लागला.

“व्हॉट वॉज हिज फॉल्ट?” आप्पांनी विचारले. “द अस्सेयर्स?”

वाटाड्या म्हणाला, त्याने तपासले नाही आणि तपासले असे लिहिले.

अंगणात ऊन होते. दोघे बाकावर बसले. काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली. आप्पांनी ती नुसती हातात धरून ठेवली. बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, “त्या दिवशीचा आहेर माझ्या वहीत आहे.”

एवढेच. पण आप्पांना पुढचे सांगावे लागले नाही. ज्या दिवशी ती लगड पडली त्या दिवशी ते इचलकरंजीला लग्नात होते. मुहूर्त सकाळचा. गिऱ्हाइकाकडून घेतलेला जुना रवा त्यांनीच न तपासता आटणीत टाकायला दिला होता आणि लगडीच्या चिठ्ठीवर आदल्या रात्रीच सही करून ठेवली होती. तात्यांनी आलेली लगड घडवली. त्यांचा दोष काडीचा नव्हता. हे आप्पांना माल परत आला त्याच दिवशी कळले होते. कामगारांदेखत विचारले गेले नसते तर कदाचित त्यांनी सांगितलेही असते. पण एकदा ‘मी काढला’ हा शब्द तोंडातून गेला, आणि मग तो शब्द सांभाळण्यासाठी एक पेढी मोडली, एक कारागीर घरी बसला. क्षमावाणीच्या दिवशी छापील पत्रे सगळ्या गावाला गेली होती, अण्णांच्या घरीही एक गेले होते. त्यावर आप्पांची सही होती.

“तू तेव्हाच का बोलली नाहीस?” आप्पांनी विचारले.

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते.”

त्या रात्री पोतोसीत साडेआठ वाजले तेव्हा हुपरीत सकाळचे सहा वाजले होते. अण्णा त्या वेळी अभिषेकासाठी बस्तीत जायला निघतात. फोन दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

“अण्णा, मी बोलतोय.”

पलीकडून शब्द नाही. चपलांचा आवाज तेवढा आला.

“त्या लगडीचा टंच मी काढला नव्हता, अण्णा. रवाही मीच न बघता टाकला. सही आदल्या रात्रीची होती.”

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हे मला सांगून काय उपयोग? तात्यांना सांग.” आणि फोन ठेवला.

तात्यांना कमी ऐकू येते. त्यांच्या नातवाच्या फोनवरून बोलणे झाले. आप्पांना प्रत्येक वाक्य दोनदा, मोठ्याने सांगावे लागले. शेजारच्या खोलीतल्या बाईला भाषा कळली नसली तरी तिने दार ओढून घेतले. तात्या काय म्हणाले ते आप्पांनी कुणाला सांगितलेले नाही. काकूंनीही विचारले नाही.

पुढचा प्रवास दक्षिणेकडे होता, सीमा ओलांडून अर्जेंटिनात. चांदीला लॅटिनमध्ये ‘अर्जेंटम’ म्हणतात, त्यावरून या देशाचे नाव. ब्वेनोस आयर्सच्या काठाने जाणाऱ्या नदीचे नावही चांदीची नदी, रिओ दे ला प्लाता. गंमत अशी की नावे पडली तेव्हा तिथे चांदी नव्हतीच. ती वरच्या डोंगरात आहे असे नुसते ऐकिवात होते. पुढे पोतोसीची बरीच चांदी याच बंदरातून चोरवाटेने बाहेर गेली. नदी तर चांदीसारखी मुळीच दिसत नाही, गढूळ तपकिरी आहे. ऐन पावसाळ्यातल्या पंचगंगेसारखी, असे काकू म्हणाल्या.

पाच दिवस गावाकडून काही आले नाही. आप्पा मोबाईल उलटा ठेवू लागले. सहाव्या दिवशी सकाळी, सॅन तेल्मोच्या जुन्या बाजारात चांदीने मढवलेले भोपळे पाहत असताना मोबाईल वाजला. अण्णांचा एका ओळीचा निरोप होता: “तिकडे चांदीचा भाव काय चाललाय?”

लिबेर्ताद नावाच्या रस्त्यावर सोन्या-चांदीची दुकाने ओळीने आहेत. तिकडच्या बोलीत ‘प्लाता’ म्हणजे चांदी आणि ‘प्लाता’ म्हणजेच पैसा, त्यामुळे पहिल्या दुकानात आप्पांना आपण काय विचारतो आहोत हे समजावताना बरीच कसरत करावी लागली. ते तीन दुकानांत गेले. प्रत्येक ठिकाणी ग्रॅमचा भाव, घेतानाचा आणि विकतानाचा, आणि कोणत्या टंचाला, हे नीट विचारून घेतले. काकूंनी तिन्ही भाव वहीत उतरवले, आप्पांनी त्या पानाचा फोटो काढला, आणि तो अण्णांना पाठवला.